चिंचटोल्यात लावलेली छत्री

नागपूरहून परत येऊन महिना होत आला, तरी साताऱ्यात जो भेटतो तो मला संत्र्यांचंच विचारतो. संत्रं मी एकच खाल्लं. तेही हिरवट आणि इतकं आंबट की डोळा मिटला. मोसम सुरू व्हायचा होता. पण मी जे पाहून आले ते सांगायला लागले की लोक ऐकता ऐकता हसायला लागतात आणि मग म्हणतात, "कुसुमताई, तुमचं आपलं काहीतरीच!" म्हणून म्हटलं, एकदा सगळं नीट लिहूनच काढावं.

कोराडी

माझी धाकटी बहीण नलू कोराडीला वीज केंद्राच्या वसाहतीत राहते. चिमण्या इतक्या उंच की पहिल्या दिवशी मी मान मागे टाकून बघताना डोक्यावरचा पदरच घसरला. कोळशाचे ट्रक दिवसभर चालू. अंगणात वाळत घातलेल्या साडीवर दुपारपर्यंत राखेची बारीक पूड बसते. आमच्याकडे ढग बघून कपडे काढतात, इथे वारा बघून. नलूला त्याचं काही वाटत नाही. ती साडी दोनदा झटकते आणि घडी घालते.

तिचे यजमान वसंतराव केंद्रात इंजिनिअर आहेत. माणूस गुणी, पण घरात हातावर हात ठेवून बसणं त्यांना माहीत नाही. काही वर्षांपूर्वी त्यांनी लष्कराच्या लिलावातून जीपच्या मागे जोडायचा एक जुना ट्रेलर आणला आणि त्यावर सागवानी खोली बांधून घेतली. आत दोन बाकं, त्यांचीच रात्री झोपायला फळी होते. एक स्टोव्हचा कट्टा, पाण्याची टाकी, दोन खिडक्या आणि डाव्या अंगाला दार. वसाहतीत त्याला सगळे 'वसंतरावांचा डबा' म्हणतात. हा डबा ओढत ते रामटेकला गेले, पचमढीला गेले. नलू सांगते, "ताई, लोकांना एक घर आवरता आवरता नाकी नऊ येतात, मला दोन आवरायची."

या खेपेला मी पोचले तेव्हा डब्याशेजारी अंगणात एक प्रचंड सांगाडा पडला होता. ॲल्युमिनियमच्या नळ्या वाकवून केलेल्या फासळ्या, मधोमध एक चकती. मला वाटलं, लग्नाचा मांडव.

"छत्री आहे ताई," वसंतराव म्हणाले. "उपग्रहावरून टीव्ही. डब्यात बसवून राहिलो. कुठंही गाडी उभी करा, छत्री उघडा, टीव्ही सुरू!"

उपग्रहावरून खेड्यांमध्ये टीव्ही दाखवायला नुकती कुठे सुरुवात झाली आहे. विदर्भातल्या बऱ्याच गावांना सरकारने असे संच आणि छत्र्या दिल्या आहेत. वसंतरावांचा एक मित्र हे संच दुरुस्त करत फिरतो. त्याच्याकडून त्यांनी वरचे संदेश पकडणारा डबीएवढा भाग मिळवला होता. बाकी सगळं घरचं. छत्रीला कापड नसतं, जाळी असते. ती जाळी म्हणजे दुसरंतिसरं काही नाही, कोंबड्यांच्या खुराड्याला लावतात तीच. ती फासळ्यांना ताणून बांधायची होती आणि वसंतरावांनी तारा पिळून पिळून तिला फुगे आणले होते.

मी साताऱ्यात शिवणाचे वर्ग घेते. मला तो फुगा बघवेना. पोलक्याच्या बाहीला कळ्या घालतात तशी जाळी पाकळी-पाकळी कापली आणि बारीक तारेने टाके घालून शिवली. दोन दिवस बोटांना ओरखडे, पण छत्री अशी गोल बसली की मीच चार वेळा तिच्याभोवती फिरले. आकाशातलं चित्र कोंबडीच्या जाळीत कसं अडकतं हे वसंतरावांनी मला तीनदा समजावलं. तिन्ही वेळा मला कळलं आणि तिन्ही वेळा चहा होईपर्यंत मी विसरले.

या सगळ्याला घाई होती, तिचं कारण रायभान. रायभान मेश्राम हा वसंतरावांच्या हाताखालचा ऑपरेटर. भंडाऱ्याच्या अंगाला असलेल्या चिंचटोल्याचा. त्याची आई भागरथाबाई धानाच्या रोवणीला, आपल्या भातलावणीला, जाते. पावसाळ्यात टीव्हीचे लोक तिच्या गावच्या बांध्यात आले होते, म्हणजे भातखाचरात. रोवणी करताना ती गात होती, ते त्यांनी तिथेच टिपून घेतलं आणि सांगितलं, खेड्यांसाठी संध्याकाळी कार्यक्रम लागतो त्यात दाखवू. तो दिवस आता चार दिवसांवर आला होता.

"गावात सरकारी टीव्ही आहे ना?" मी रायभानला विचारलं.

"हाये ना ताई. सरपंचाच्या घरी हाये. आला तवापासून बिघडलाच हाये," रायभान म्हणाला. "अन् इकडं गाव मायले चिडवून राहिलं. भागरथा टीव्हीवर येऊन राहिली म्हणे, हिरोइन! चक्कीवर जाते तं बाया हासते. आता ते चक्कीवरच जात नाई. दळण शेजारणीजवळ देते. मले म्हणे, रायभान, एक डाव गावाले दिसलं पाहिजेन गा. मंग मले काई नाई पाहिजे."

हे ऐकल्यावर कोण घरी बसणार?

लकडगंज

छत्रीचा खांब डब्याला धरून ठेवायला मागच्या बाजूस एक लाकडी बैठक हवी होती. डबा जिथे बांधला तिथेच ती करायची, म्हणून आम्ही लकडगंजला गेलो. बरोबर नलूच्या सासूबाई होत्या. त्यांना सगळे आई म्हणतात, मीही म्हणू लागले.

लकडगंज म्हणजे एका वेळी शंभर करवती चालल्याचा आवाज. दोन्ही बाजूंना सागाच्या ओंडक्यांचे डोंगर, रस्त्यावर भुश्शाची गादी. लाकडाचा वास असा गोड की मला भूक लागली. आमच्याकडे सुतार घरी येतो, ओसरीवर बसून पाटाचे पाय करतो. इथे अख्खं जंगल रांगेत उभं. कोपऱ्यावर तर्री-पोहे खाल्ले. पोह्यांवर चण्याचा लालभडक रस्सा ओतलेला. पहिल्या घासाला वाटलं, हे काय पोह्यांचं केलं! दुसऱ्या घासाला नाक वाहू लागलं. तिसऱ्याला मी आणखी रस्सा मागितला.

मिस्त्री बैठक ठोकत असताना आईंनी मला डब्याच्या दाराची गोष्ट सांगितली. डबा बांधायला घेतला तेव्हाच त्यांनी मिस्त्रीला बजावलं होतं, दार पूर्वेलाच पाहिजे.

मिस्त्री हसायला लागला. "म्या म्हटलं होतं ना, आई, चाकाची गाडी हाये. जशी उभी करान तशी पूर्व."

"मग तशीच उभी करायची," आई म्हणाल्या. "घर म्हटलं की घर."

आणि हे त्या नुसतं म्हणत नाहीत. प्रत्येक मुक्कामाला जीप पुढे-मागे करून डब्याचं दार पूर्वेला आणल्याशिवाय आई स्टोव्ह पेटवू देत नाहीत. पचमढीला एका अरुंद वळणावर वसंतरावांनी यासाठी इतका वेळ घालवला की मागे बसगाड्यांची रांग लागली. पण आता त्यांना त्याची इतकी सवय झाली आहे की कुठेही गेले तरी दाराकडे बघूनच ते दिशा सांगतात. दारातून बाहेर बघत उभं राहायचं, उजवा हात दक्षिण, डावा उत्तर, पाठ पश्चिम. सूर्य बघायची गरजच नाही.

छत्रीला दक्षिण लागते. उपग्रह तिकडे आहे, दक्षिणेला, किंचित पश्चिमेकडे झुकलेला आणि चांगलाच उंच.

"दक्षिण?" आईंनी कपाळाला हात लावला. "पायसुद्धा करत नाहीत तिकडे माणसं."

"आई, पाय नाही, छत्री करून राहिलो," वसंतराव म्हणाले.

कन्हानच्या पुलाकडे

निघालो तेव्हा डब्याच्या टपावर छत्रीच्या पाकळ्या एकावर एक बांधलेल्या. जीपमध्ये वसंतराव आणि रायभान पुढे, आम्ही तिघी बायका मागे. मांडीवर पाटवड्यांचा डबा आणि सांभारवड्या. सांभार म्हणजे इकडे कोथिंबीर. वडीत इतकी कोथिंबीर कोंबलेली मी जन्मात पाहिली नव्हती. आमच्याकडे एक जुडी घेतली तर चार दिवस पुरवतात, इथे एका वडीत ती संपते.

नाक्यावर अडवलं. कारकून खाली उतरला, टपाकडे बघत एक फेरी मारली, दुसरी मारली.

"हे काय होय?"

वसंतराव उत्साहाने सांगू लागले. उपग्रह, लहरी, परावर्तन. कारकुनाचा चेहरा जसजसा गंभीर होत गेला तसतसं मला वाटू लागलं की आजची रात्र नाक्यावरच जाणार. शेवटी आईंनी खिडकीतून डोकं काढलं.

"कोंबड्यांची जाळी आहे बाबा," त्या म्हणाल्या.

"मंग तसं सांगा ना!" कारकून म्हणाला आणि आडवा बांबू वर गेला. आईंनी पदर सारखा केला. "खोटं काय बोलले?" असं त्या पुढे मैलभर आम्हाला विचारत होत्या.

कन्हानचं पात्र गढूळ आणि रुंद. पुलाच्या पलीकडे जमीन बदलते. कापूस मागे पडतो आणि धान सुरू होतं. बांध्या पाण्याने भरलेल्या, लोंब्या नुकत्या बाहेर पडू लागलेल्या. विदर्भ म्हणजे कोरडा असं मी शाळेत शिकले होते. ज्याने ते लिहिलं तो बहुधा पुलाच्या अलीकडूनच परत गेला असावा.

चिंचटोला

चिंचटोला गाव चिंचांखालीच बसलंय. गल्ल्या अरुंद, घरं कौलारू, सगळीकडे हिरवी सावली. आभाळ ढगांनी भरून आलेलं. पाऊस नव्हता, पण सूर्य कुठे आहे याचा पत्ता नव्हता.

देवळासमोरच्या चौकात आम्ही थांबलो तोवर अर्धं गाव जमलं होतं. सरपंच स्वतः पुढे आले. पांढरंशुभ्र धोतर, हसरा चेहरा. "इथंच लावा साहेब. मानाची जागा हाये. गावाचा कार्यक्रम हाये तं गावाच्या मधातच झाला पाहिजे." त्यांनी आपल्या घरून एक खुर्चीही आणवली. माणूस अगत्याचा होता. सरकारी टीव्हीबद्दल कोणी विचारलं नाही, त्यांनीही सांगितलं नाही.

गर्दीच्या कडेला भागरथाबाई उभी होती. रायभानने ओळख करून दिली म्हणून कळलं, नाहीतर मी तिला पुढाकार घेणारी, मोठ्या आवाजाची बाई समजत होते. सडपातळ, ताठ, कपाळ मोकळं, हातावर कोपरापर्यंत हिरवं गोंदण. तिने वसंतरावांना विचारलं, "दिसन ना साहेब?"

"दिसेल. सहा वाजून गेले की लागतो कार्यक्रम. तोवर छत्री उभी राहते."

"तुमी म्हणान तेथी लावा," ती म्हणाली, "पण आज लागलं पाहिजेन. आज नाई दिसलं तं मंग मी काई बी सांगतलं तरी कोण ऐकते?"

चक्कीवाला शेजारीच उभा होता. "भागरथे, साडी नवी घालून ये वं, टीव्हीत जुनी दिसन!" असं म्हणून तो हसला आणि आजूबाजूचे दहा जण हसले. मला त्या माणसाचा राग आला. इतका राग की मी त्याच्याकडून पिठाचा कणही विकत घेणार नाही असं ठरवून टाकलं, जसं काही मी चिंचटोल्यातच राहणार होते.

छत्री उघडली. पाकळ्या जोडायला तासभर गेला. तेवढ्यात एका आजीने येऊन विचारलं, "रेती चाळाची चाळणी होय का?" दुसरी म्हणाली, "नाई वं, वड्या वाळू घालाची हाये." मला ती कल्पना फारच पटली. एवढी ताणलेली जाळी, खालूनवरून वारा.

मग वसंतराव वर बघू लागले आणि त्यांचा चेहरा पडला. चौकाच्या दक्षिणेला देवळाचा पिंपळ होता. पिंपळ म्हणजे केवढा! त्या अंगाचं सगळं आभाळ त्याने भरून टाकलेलं. पानांतून चित्र येत नाही. एखादी फांदी उतरवली असती तर जमलं असतं, पण फांदी हा शब्द वसंतरावांच्या तोंडून निघताच चौकातल्या सगळ्या माना 'नाही' म्हणून हलल्या. पिंपळाला कुऱ्हाड कोण लावणार? आईंनीच आधी दोन्ही हात जोडले.

सरपंचांच्या अंगणात दोन चिंचा. शाळेपुढे वड. धानाच्या बांध्यात गुडघाभर पाणी. गावात मोकळं आभाळ शिल्लकच नव्हतं.

"वस्तीत हाये," रायभान म्हणाला.

वस्ती म्हणजे गावाच्या दक्षिण टोकाला, नालीच्या पलीकडे, रायभानच्या लोकांची. छप्पन साली ज्यांनी दीक्षा घेतली त्यांची घरं. त्यापुढे गाव नाही, नुसतं शेत.

"तेथी एक बी झाड नाई," रायभान म्हणाला. "सावली गावाकडे, ऊन आमच्याकडे. जुनीच वाटणी हाये ही."

वसंतरावांना मोकळं आभाळ याखेरीज काही ऐकू आलं नाही. ते जीपमध्ये बसलेसुद्धा. सरपंच म्हणाले, "पाहा बाप्पा, तुमाले जमन तसं," आणि खुर्ची उचलणारा गडी खुर्ची हातात घेऊन तसाच उभा राहिला.

वस्ती

वस्तीतली घरं लहान, पण अंगणं अशी सारवलेली की पाय ठेवायला भीती वाटावी. मधल्या मोकळ्या जागेत पंचशील झेंडा. तिथेच डबा उभा केला, अर्थात रायभानला विचारून दार पूर्वेला. डबा तिथे सोडून वसंतराव आणि रायभान जीप घेऊन चौकात परतले, छत्री सुटी करून आणायला.

नलू आणि मी भागरथाबाईच्या घरी गेलो. ती लांब रोट्या करत होती. पातळ, सैल कणीक हातावर हेलकावत हेलकावत कोपरापर्यंत लांबवायची आणि चुलीवर पालथ्या घातलेल्या मडक्यावर टाकायची. मीही हात धुऊन प्रयत्न केला. माझी रोटी अर्ध्या वाटेत फाटून जमिनीवर पडली. भागरथाबाई पोट धरून हसली. त्या दिवशी ती पहिल्यांदाच हसत होती.

"तुम्ही काय गायलात ते मला म्हणून दाखवा ना," मी म्हटलं. तिने हात न थांबवता म्हटलं,

"रोवणा रोवतो बाई, चिखलात माहे पाय,
नागपूरच्या वाटंनं चालून आली माही माय."

"तुमची आई नागपूरहून आली?"

"पायी गेली होती, दीक्षेले. अन् पायीच आली. मी लहान होतो. नालीच्या त्या अंगानं येतानी पाहिलं मी तिले. असी चालत होती वं बाई, जसी गावाची मालकीण होय." एवढं बोलून तिने पुढची रोटी मडक्यावर टाकली.

आईंसाठी मी रोटी आणि वांग्याची भाजी डब्यात नेऊन दिली. "आज उपास आहे माझा," त्या म्हणाल्या. सकाळी आमच्याबरोबर चार पाटवड्या खाल्लेल्या मी पाहिल्या होत्या. मी ताट झाकून ठेवलं आणि मला वाईट वाटलं.

वसंतराव परतले. छत्री पुन्हा जोडली, खांब बैठकीत बसला, टीव्हीची तार जीपच्या बॅटरीला लागली. टीव्ही चौदा इंची, काळा-पांढरा. वसंतराव दारात उभे राहिले, बाहेर तोंड करून उजवा हात लांब केला आणि छत्री तिकडे वळवली.

"नलू, काय दिसून राहिलं?"

"मुंग्या!"

छत्री जरा वर. "मुंग्या!" जरा खाली. "मुंग्याच!" जरा डावीकडे, जरा उजवीकडे. पडद्यावर नुसत्या मुंग्या वळवळत होत्या. एक म्हातारा बराच वेळ बघत होता. तो म्हणाला, "साहेब, तिकडं तं गाव हाये."

"बाबा, उपग्रह गावात नसतो, आभाळात असतो," वसंतराव घाम पुसत म्हणाले.

मंडळी जमू लागली होती. वस्तीतली तर सगळीच, आणि नालीच्या त्या बाजूला गावातली. सरपंच, त्यांची खुर्ची, चक्कीवाला. नाली ओलांडावी की नाही हे जणू कोणी ठरवत नव्हतं, नुसते उभे होते. सहा वाजत आले.

चक्कीवाला तिथूनच ओरडला, "भागरथे, मुंग्याईतच हाये का तू? कोणती होय, दाखव ना!"

हशा झाला. भागरथाबाई टीव्हीजवळ उभी होती. तिने पदराचं टोक मुठीत धरलं होतं आणि मूठ सोडत नव्हती. रायभान वसंतरावांना काहीतरी म्हणाला, वसंतराव त्याच्यावर खेकसले, आणि आजवर मी त्यांना खेकसताना पाहिलं नव्हतं. आम्ही एवढ्या लांबून आलो ते या बाईची शोभा करायला का?

काहीतरी करावं म्हणून मी चहाचे कप आणायला डब्यात शिरले. तेवढ्यात ढगांची कड फाटली आणि दारातून ऊन थेट आत आलं. लांबट, पिवळं ऊन, स्टोव्हच्या कट्ट्यापर्यंत. स्टीलचे डबे चमकले आणि माझे डोळे दिपले.

मी कप हातात धरून तशीच उभी राहिले. शिवणाऱ्या बाईला उजेड कोणत्या अंगाने येतो हे कळावं लागतं. माझं मशीन घरी पश्चिमेच्या खिडकीशी आहे, तिथे संध्याकाळी असंच ऊन सुईवर येतं. पूर्वेच्या दारातून मावळतीचं ऊन कसं येईल?

"वसंतराव," मी ओरडले, "तुमच्या पूर्वेला सूर्य मावळतोय!"

वसंतराव धावत आले. उन्हाकडे बघितलं, दाराकडे बघितलं. "पण दार तर पूर्वेला उभं केलं होतं मी!"

डब्यातल्या बाकावर आई बसल्या होत्या. त्या पदर तोंडाशी नेऊन म्हणाल्या, "समोर उकिरडा येत होता रे."

"मग?"

"तुम्ही चौकात गेला होतात ना. इथली चार माणसं उभी होती, त्यांना म्हटलं, गाडी थोडी फिरवून द्या. त्यांनी बिचाऱ्यांनी उचलूनच फिरवली." आईंचा आवाज अगदी बारीक झाला होता. "जन्मभर तुम्हाला पूर्व पूर्व करत राहिले, आता मीच मोडली म्हणून कोणत्या तोंडाने सांगू?"

म्हणजे एवढा वेळ आमची छत्री उत्तरेला, पार हिमालयाच्या डोक्यावरचं आभाळ चाळत होती. वसंतरावांना हसावं की रडावं कळेना. पण वेळ नव्हता. त्यांनी छत्री अर्ध्या वळशाने फिरवली, वस्तीतल्या माणसांनी दोर धरले, आणि म्हाताऱ्याने शेताकडे बोट दाखवत "असं, असं" म्हणत त्यांना दक्षिण दाखवली. यावेळी वसंतराव त्याचं मुकाट्याने ऐकत होते.

"मुंग्या," नलू म्हणाली. "मुंग्या... थांबा! थांबा, थांबा, माणूस आहे!"

टाय लावलेला एक माणूस खतांबद्दल बोलत होता. खतांबद्दल ऐकून इतका आनंद मला कधी झाला नव्हता. वस्तीतली पोरंबाळं टाळ्या पिटू लागली. मी वळून बघितलं तर आई डब्याच्या पायरीवर बसून झाकलेलं ताट मांडीवर घेऊन रोटी मोडत होत्या. मी उपासाबद्दल विचारलं नाही.

चौदा इंची पडदा नालीपलीकडून काय दिसणार? आधी बायका आल्या, मग तरणे, मग चक्कीवाला. सरपंचांची खुर्ची नाली ओलांडून आली आणि सर्वांच्या मागे मांडली गेली. पण त्यांच्याही मागे गावातली माणसं येऊन उभी राहिली आणि कुरकुरू लागली. "सरपंच, खाली बसा ना जी, आमाले काई दिसून नाई राहिलं." सरपंचांनी इकडे बघितलं, तिकडे बघितलं, धोतर सावरलं आणि सारवलेल्या जमिनीवर मांडी घालून बसले. त्यांच्या शेजारी वस्तीतली एक म्हातारी होती. तिने थोडं सरकून जागा केली.

खतांचा माणूस गेला. पडद्यावर पाणी आलं, पाण्यात वाकलेल्या बायका, ओळीने. आणि मग आवाज. पातळ, ताठ, तिचाच. रोवणा रोवतो बाई. चित्र जवळ गेलं आणि भागरथाबाईचा चेहरा अख्ख्या पडद्याएवढा झाला, कपाळावर चिखलाचा एक शिंतोडा. दुसरी ओळ आली, नागपूरच्या वाटेची. चक्कीवाल्याचं तोंड उघडं राहिलं होतं. मग निवेदिका बोलू लागली आणि गाणं तिच्या आवाजाखाली गेलं.

माझ्या डोळ्यांत पाणी आलं होतं. मी भागरथाबाईला शोधलं. ती टीव्हीच्या अगदी शेजारी, जमिनीवर बसली होती, आणि तिची पाठ टीव्हीकडे होती. ती पहिल्यापासून तशीच बसली होती, समोरच्या माणसांकडे तोंड करून.

"मावशी!" नलू कळवळून म्हणाली. "अहो, मागे बघा ना, गेलं की सगळं! तुम्ही बघितलंच नाही!"

भागरथाबाईने मान वळवली नाही. अंगणात दाटीने बसलेल्या गावाकडे, सरपंचाकडे, चक्कीवाल्याकडे, एकेका चेहऱ्यावरून सावकाश नजर फिरवत ती म्हणाली, "माहं तोंड मले रोजच बांधीच्या पाण्यात दिसते वं बाई. हे कवा दिसन?"

आणि कार्यक्रम संपेपर्यंत ती त्यांच्याकडेच बघत बसली.